बिघाड गृहीत धरूनच ड्रोन उडवा

धनेगावच्या मांजरा धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस एकदा डोक्याच्या वर गेला, की त्यात पाठीवरचा पंप घेऊन शिरणं जिवावरचं काम असतं. पाचटानं अंग कापतं, वर मारलेलं औषध तोंडावर उतरतं आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. वाढलेल्या तुरीत आणि कपाशीतही तीच गत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात फवारणीचा ड्रोन आला, त्याचं स्वागत झालं हे बरोबरच आहे. माणूस औषधापासून लांब राहतो, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

पण ड्रोनला आपण मोठा पंप समजतो आणि गडबड तिथूनच सुरू होते. कायद्याच्या दृष्टीनं ते मानवरहित आणि तंत्राच्या दृष्टीनं स्वयंचलित विमान आहे. शेताची हद्द दिली की ते आपण होऊन उडतं, पट्टे मारतं, टाकी रिकामी झाली की परत येतं आणि पुन्हा सोडलं त्याच जागेवरून पुढे सुरू करतं. हे सगळं करताना त्याचं वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात असतं, पंखे कापणारे असतात आणि पोटात दहा लिटर औषध असतं. असं यंत्र कधीच बिघडणार नाही, अशी खात्री कोणताही विक्रेता देऊ शकत नाही. म्हणून ड्रोन घेताना, चालवताना किंवा भाड्यानं बोलावताना एकच प्रश्न धरून बसा: अमुक गोष्ट बिघडली, तर ड्रोन काय करील आणि त्या वेळी खाली कोण असेल?

सुरक्षितता कुठून येते?

प्रवासी विमान बनवताना एक कडक कसोटी लावतात. ज्या बिघाडामुळे विमान पडून माणसं मरतील, तो एक अब्ज उड्डाण-तासांत एकदाही होणं दुर्मीळ असलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या भागाला पर्याय ठेवतात, कधी एकाला दोन, कधी तीन. एवढं करूनही एखादी फट राहून गेली तर काय होतं, ते बोइंग ७३७ मॅक्सनं दाखवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात अशी दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा त्यात होती. विमानावर नाकाचा कोन मोजणारे दोन संवेदक असताना ती एका वेळी एकाच संवेदकावर विश्वास ठेवायची. त्या एकानं खोटी माहिती दिली आणि यंत्रणा ती खरी मानून नाक दाबत राहिली.

शेतातल्या ड्रोनमध्ये प्रवासी विमानाइतके पर्याय घालता येत नाहीत. तो परवडणार नाही आणि वजनानं उडणारही नाही. मग त्याची सुरक्षितता दोन ठिकाणांहून येते. निम्मी बनावटीतून आणि निम्मी रिकाम्या शेतातून. खाली माणूस, जनावर, विहीर, तार, तुतीची बाग नसेल, तर पडलेला ड्रोन हा फक्त पैशाचा तोटा असतो. हे दुसरं निम्मं काम कोणतीही कंपनी तुमच्यासाठी करत नाही, ते बांधावर उभं राहूनच करावं लागतं.

औषधाचा हिशेबही इथेच लक्षात घ्या. एकरी १०० मिलि औषध असेल आणि पाठीवरच्या पंपानं एकराला २०० लिटर पाणी लागत असेल, तर लिटरमागे अर्धा मिलि औषध पडतं. तेच औषध ड्रोनमध्ये १० लिटर पाण्यात जातं, म्हणजे लिटरमागे १० मिलि. द्रावण वीस पट तीव्र झालं. टाकीचं झाकण ढिलं राहिलं, नळी निसटली किंवा ड्रोन पडून टाकी फुटली, तर सांडतं ते नेहमीचं फवाऱ्याचं पाणी नसतं.

ड्रोन घेताना विचारायचे प्रश्न

स्वस्तात जुळवलेले, सुटे भाग आणून बांधलेले ड्रोन बाजारात मिळतात. भारतात ‘ड्रोन नियम २०२१’ लागू झाल्यापासून फवारणीसारख्या कामाच्या ड्रोनला नमुना प्रमाणपत्र लागतं. बोलीभाषेत सगळे त्याला टाइप सर्टिफिकेट म्हणतात. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. जून २०२२ मध्ये या नियमांखालचं देशातलं पहिलं प्रमाणपत्र मिळालं ते फवारणीच्याच ड्रोनला. विक्रेत्याकडे पहिली मागणी या कागदाची करा आणि प्रमाणपत्रावरचं मॉडेल व समोरचं मॉडेल एकच आहे ना, ते पाहा. नंतर टाकी बदलून मोठी बसवलेली किंवा मोटर वेगळी लावलेली असेल, तर तो तपासलेला नमुना उरत नाही.

त्यानंतर बनावटीचे प्रश्न. इंजिनिअर नसलात तरी हे विचारता येतात.

पहिला, मोटरचा. चार पंख्यांच्या ड्रोनची एक मोटर बंद पडली, की तो सावरणं जवळपास अशक्य असतं. तो गिरक्या घेत पडतो. सहा पंख्यांचा ड्रोन एक मोटर गेल्यावर सावरून उतरू शकतो, पण उरलेल्या मोटरांत तेवढी ताकद शिल्लक असेल तरच. म्हणून ‘सहा पंखे आहेत’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. टाकी पूर्ण भरलेली असताना एक मोटर बंद पडली तर काय होतं, ते विचारा. भरल्या टाकीनं ड्रोन एका जागी तरंगताना मोटरांची साधारण निम्मीच ताकद खर्ची पडत असेल, तर संकटासाठी पुरेसं शिल्लक आहे असं समजतात. तरंगतानाच मोटरा पाऊण ताकदीनं ओरडत असतील, तर तो ड्रोन वाऱ्याच्या एका झोतालाही पुरणार नाही.

दुसरा, दिशा आणि तोल समजणाऱ्या संवेदकांचा. होकायंत्र एक आहे की दोन? तोल मोजणारा संच किती? दोन असतील आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं, तर ड्रोन कोणाचं ऐकतो? दोघांत वाद झाला, तर खोटा कोण ते यंत्राला कळत नाही, म्हणून महागड्या यंत्रणांत तिसरा ठेवून बहुमत घेतात. तुमच्या ड्रोनमध्ये तिसरा नसेल तरी चालेल, पण वाद झाल्यावर तो थांबून इशारा देतो की रेटत पुढे जातो, हे माहीत पाहिजे.

तिसरा, टाकीचा. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळतं. ड्रोन पट्टा संपवून वळला, की चार-पाच किलो पाणी एका बाजूला धावतं आणि तोल ओढतं. चांगल्या टाकीत आतून आडव्या पट्ट्या असतात, त्या हे हिंदकळणं मोडतात. टाकी उघडून आत पाहा. पंपाचा प्रवाह ड्रोनच्या वेगाशी जोडलेला आहे का, तेही विचारा. जोडलेला नसेल, तर पट्ट्याच्या टोकाला ड्रोन हळू होतो आणि तेवढ्या जागी दुप्पट औषध पडून पीक करपतं.

चौथा, संपर्काचा. रिमोट आणि ड्रोन यांचा संपर्क तुटला तर किती सेकंदांनी ड्रोनला कळतं आणि मग तो काय करतो: जागच्या जागी थांबतो, तिथेच उतरतो, की घरी परततो? बॅटरी उतरल्यावर काय करतो? जीपीएस गेला तर? ही तीनही उत्तरं वेगवेगळी असतात आणि बहुतेक ड्रोनमध्ये ती बदलता येतात. विकणाऱ्यानं ‘सगळं ऑटोमॅटिक आहे’ असं म्हटलं, तर सेटिंग उघडून दाखवायला लावा.

पाचवा, नोंदीचा. प्रत्येक उड्डाणाची नोंद ड्रोनमध्ये साठते का आणि ती तुम्हाला काढता येते का? अपघातानंतर चूक चालवणाऱ्याची की यंत्राची, हा वाद विम्याच्या दारात या नोंदीवरच सुटतो.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत व्यवहारी. दुरुस्ती कुठे होते? सोयाबीनवर चक्री भुंगा आलेला असताना ड्रोन पुण्याला पंधरा दिवस पडून राहणार असेल, तर माणूस तुटकी पाती चिकटवून उडवायला लागतो. सुटे पंखे, नोझल आणि बॅटरी हाताशी असणं हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना मिळणाऱ्या संचात जादा बॅटऱ्या, जादा पंखे, वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आणि पाण्याचा सामू मोजणारं यंत्रही धरलेलं आहे, ते उगीच नाही. या योजनेत किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत मदत आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे. गटाला संच मिळाला, की ही दोन छोटी यंत्रं खोक्यातच राहू देऊ नका.

कागद पुरे करा

फवारणीचा ड्रोन बहुधा २ ते २५ किलोच्या ‘लहान’ वर्गात मोडतो. त्याला नोंदणी क्रमांक लागतो, त्रयस्थ व्यक्तीचा विमा लागतो आणि चालवणाऱ्याला डीजीसीएमान्य संस्थेचं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी किमान दहावी पास आणि वय १८ पूर्ण हवं. केजच्या आसपास चालू विमानतळ नाही, त्यामुळे बहुतेक शिवार हिरव्या क्षेत्रात येतं, जिथे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. तरी डीजीसीएच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा दर वेळी उघडून पाहा. सभा, दौरा किंवा बंदोबस्ताच्या काळात तात्पुरती बंदी असू शकते.

ग्रामपंचायतीला आणि शेजारच्या शेतकऱ्यांना आदल्या दिवशी कळवा. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी लोक धास्तावले होते, हे विसरू नका. न सांगता आलेला ड्रोन पाहायला लोक धावत येतात, आणि लोक धावत आले की शेत रिकामं राहत नाही.

आधी शेत फिरा

केजच्या शिवारात ड्रोनचा पहिला शत्रू म्हणजे तार. गावोगावच्या ११ केव्हीच्या तारा, बोअरला गेलेल्या झोळ पडलेल्या तारा, आणि पवनचक्क्यांच्या प्रकल्पांबरोबर आलेल्या नव्या वाहिन्या. ड्रोनपुढचा रडार झाड आणि भिंत ओळखतो, बारीक तार त्याला बहुधा दिसत नाही. खांबाला ताण देणारी तिरपी स्टे तार तर पिकात लपलेली असते. उपग्रहाच्या चित्रावर विसंबू नका, ते जुनं असू शकतं. गटाच्या नकाशावरून हद्द आखू नका, त्यात आणि प्रत्यक्ष बांधात फरक निघतो. हद्दीचे कोपरे स्वतः चालत जाऊनच घ्या.

आरटीके, म्हणजे जीपीएसची चूक दुरुस्त करणारी यंत्रणा, असलेला ड्रोन स्वतःची जागा दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत अचूक सांगतो, म्हणून काही जण तारेच्या अगदी जवळून पट्टे मारतात. अचूकता ड्रोनच्या जागेची असते, तारेच्या जागेची नाही. तार कुठे आहे हे त्याला तुम्हीच सांगितलेलं असतं. शिवाय वेगाचा हिशेब करा. ड्रोन सेकंदाला ५ मीटर जातो. संपर्क तुटल्याचं त्याला ३ सेकंदांनी कळणार असेल, तर तोवर तो १५ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून तारेपासून निदान २० मीटर पट्टा सोडा. तेवढी जागा पाठीवरच्या पंपानं मारा.

आता परतीची वाट. संपर्क तुटला की बहुतेक ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढतात आणि निघाल्या जागेकडे सरळ रेषेत येतात. समजा शेताच्या पूर्वेला ११ केव्हीची लाइन आहे आणि सावली, रस्ता, गाडी सगळं लाइनच्या पलीकडे आहे. सोय म्हणून तुम्ही पलीकडूनच ड्रोन उडवला. उसाआड संपर्क तुटला, ड्रोन परत निघाला आणि वाटेत लाइन आली. परतीची उंची तारेपेक्षा कमी असेल, तर तो थेट तारेवर जाणार. तेव्हा उड्डाणाची जागा नेहमी लाइनच्या अलीकडे, शेताच्याच बाजूला ठेवा, आणि परतीची उंची त्या शेतातल्या सगळ्यांत उंच वस्तूपेक्षा जास्त ठेवा. मनोऱ्यांची उच्चदाब वाहिनी असेल, तर तिच्या खालून किंवा वरून परत येण्याचा विचारच सोडा. तिथे संपर्क तुटल्यावर जागीच उतरण्याचं सेटिंग बरं. उंच उसाच्या मागे रिमोटचा संपर्क कमजोर होतो, म्हणून चालवणाऱ्यानं ट्रॉलीवर किंवा बांधाच्या उंचवट्यावर उभं राहावं, मात्र ट्रॅक्टरच्या लोखंडापासून ड्रोन लांब ठेवून.

तारेनंतर तुती. बीड जिल्हा रेशीम शेतीत राज्यात आघाडीवर आहे आणि केज तालुक्यातही उसाशेजारी, सोयाबीनशेजारी तुतीच्या बागा दिसतात. रेशीम अळी हीसुद्धा अळीच. सोयाबीनवरच्या अळीचं औषध तुतीच्या पानावर अगदी थोडं उडालं, तरी तो पाला खाऊन बॅच बसते आणि शेजाऱ्याचं महिनाभराचं उत्पन्न जातं. म्हणून फवारणीआधी शेजाऱ्याला विचारा: चॉकी (लहान अळ्या) कधी आली, पाला कोणत्या पट्ट्यातून कापणार आहात? वारा तुतीकडे वाहत असेल, तर त्या दिवशी फवारणी नाही. तणनाशक तर ड्रोननं शक्यतो नकोच. उसात मारलेलं टू-फोर-डी शेजारच्या कपाशीवर गेलं, की पानं पंज्यासारखी लांबट होऊन पीक वाया जातं. कपाशी त्याला फार हळवी आहे.

वारा ओळखा

वारा सेकंदाला ३ मीटरच्या वर, म्हणजे ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की थांबा. आषाढात आपल्याकडे दुपारी वारा सुटतो, तेव्हा सकाळची वेळ धरा. पण एकदम पडलेला वाराही चांगला नसतो. पहाटे चुलीचा धूर वर न जाता आडवा, जमिनीलगत पसरताना दिसला, तर समजा थंड हवा खाली कोंडली आहे. अशा वेळी बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत लांब जातात. ऊन थोडं वर आलं, धूर उठायला लागला, मंद वारा एका दिशेनं वाहू लागला, की सुरू करा.

पिकाच्या वर दीड ते तीन मीटर एवढीच उंची ठेवा. लवकर उरकावं म्हणून उंची आणि वेग वाढवला, की औषध शेजारच्या शेतात जातं. नोझल कंपनीनं सांगितलेलंच वापरा. थेंब जितका बारीक, तितका तो वाऱ्याच्या हातात. औषधाच्या लेबलवर ड्रोनच्या वापराची शिफारस आहे का ते पाहा, आणि मात्रा अंदाजानं ठरवू नका. शंका असेल तर अंबाजोगाई तालुक्यातलं डिघोळअंबा इथलं कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालय गाठा.

उडवण्याआधी हात लावून तपासा

मोबाइलवर सगळं हिरवं दिसलं म्हणजे ड्रोन तयार आहे, असं नाही. बॅटरी जोडण्याआधी प्रत्येक पंखा बोटानं हळू फिरवा. मोटर मऊ फिरली पाहिजे. आत वाळू घासल्यासारखा आवाज आला किंवा एखादी मोटर बाकीच्यांपेक्षा जड फिरली, तर बेअरिंग जात आहे. मोटरच्या तोंडाशी पांढरी भुकटी साचलेली दिसली, तर ते वाळलेलं औषध आहे. ते तांबं आणि बेअरिंग दोन्ही खातं. पंख्याच्या कडेवरून नख फिरवा, चीर असेल तर नख अडकतं. चिरलेला पंखा चिकटवून वापरायचा नाही, फेकून द्यायचा. घडी होणाऱ्या हातांची कुलपं दाबून पाहा. अर्धवट बसलेलं कुलूप उड्डाणात सुटतं.

होकायंत्र जुळवताना ट्रॅक्टर, पत्र्याचं शेड, बोअरचा केसिंग पाइप आणि डीपी यांच्यापासून लांब जा. खिशातला मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवा. लोखंडाजवळ जुळवलेलं होकायंत्र ड्रोनला चुकीची दिशा खरी वाटायला लावतं, आणि तो हवेत गोल गोल भरकटायला लागतो. पुरेसे उपग्रह मिळून निघाल्याची जागा नोंदली गेल्याशिवाय उड्डाण करू नका, नाहीतर ‘घरी परत’ म्हटल्यावर तो आदल्या दिवशीच्या शेतात जायला निघेल.

बॅटरी आपल्याकडच्या उन्हात सगळ्यांत आधी मार खाते. नुकतीच उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत गार होऊ द्या. उन्हात तापलेल्या गाडीत बॅटऱ्या ठेवू नका. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाद करा. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, साधारण निम्म्यावर, एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. भरलेल्या टाकीला जास्त वीज लागते, त्यामुळे तीच बॅटरी उड्डाणाच्या सुरुवातीला अचानक खाली आलेली दिसते. इशारा ३० टक्क्यांवर आणि सक्तीचं परतणं २० टक्क्यांवर ठेवा. शेवटचे दोन पट्टे उरकण्यासाठी हा इशारा दाबून टाकणं हे ड्रोन पाडण्याचं सगळ्यात सोपं कारण आहे.

डोळे ड्रोनवर, मोबाइलवर नाही

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात उबर कंपनीच्या चाचणीच्या स्वयंचलित मोटारीनं रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. तपासात दिसलं, की मोटारीच्या संवेदकांनी तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपलं होतं. पण ही गाडी की सायकल की आणखी काही, यावर यंत्रणेचं मत बदलत राहिलं. लक्ष ठेवायला बसवलेली चालक त्या वेळी मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती. यंत्र बरं चालायला लागलं, की माणसाचं लक्ष उडतं. हा स्वभाव सगळीकडचा आहे.

शेतातही तेच होतं. दहा उड्डाणं नीट झाली, की अकराव्याला चालवणारा बांधावर बसून फोन लावतो. म्हणून दोन माणसं हवीत. एकाच्या हातात रिमोट, दुसरा साथीदार शेताच्या पलीकडच्या टोकाला. साथीदाराचं काम एवढंच: कोणी आत शिरतं आहे का, जनावर आलं का, तारेकडे ड्रोन सरकतो आहे का ते पाहणं आणि एकच ठरलेला शब्द ओरडणं: ‘थांब!’ तो शब्द ऐकल्यावर चालवणाऱ्यानं कारण विचारायचं नाही, आधी ड्रोन जागी थांबवायचा. औषध कालवणाऱ्यानं हातमोजे, मुखपट्टी, चष्मा घालायचा, आणि ड्रोन येतो-जातो तिथून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. पंखे पूर्ण थांबल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही, टाकी भरायची घाई असली तरी.

घडलंच काही तर

ड्रोन पिकात पडला, तर लगेच धावत जाऊ नका. पंखे थांबलेत का, धूर येतो आहे का ते पाहा. बॅटरी पेटली तर लांब राहा, तो धूर विषारी असतो. जवळ कोरडी वाळू किंवा माती असेल तर ती टाका आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका. हंगामात ड्रोनच्या गाडीत वाळूच्या दोन बादल्या असल्याच पाहिजेत. ड्रोन तारेला अडकला, तर काठीनंही हात लावायचा नाही. महावितरणला कळवून वीज बंद झाल्याची खात्री करूनच पुढचं. विहिरीत किंवा बंधाऱ्यात पडला, तर त्या पाण्याचा उपसा आणि जनावरांना पाजणं त्याच क्षणी थांबवा आणि ग्रामपंचायतीला सांगा.

अंगावर औषध पडलं, तर कपडे काढून साबण-पाण्यानं भरपूर धुवा. चक्कर, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरगुती उपाय नकोत. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन केजचं उपजिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. कोणतं औषध होतं ते डॉक्टरला कळलं, की उपचाराचा वेळ वाचतो. अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत डीजीसीएच्या ऑनलाइन व्यासपीठावर द्यावी लागते. विम्यासाठी ड्रोनची नोंद आणि जागेचे फोटो आधी काढून ठेवा, मगच अवशेष हलवा.

ड्रोन बनवणाऱ्या मुलांसाठी

बीड, अंबाजोगाई, लातूरच्या महाविद्यालयांतली मुलं प्रकल्प म्हणून ड्रोन किंवा आपोआप चालणारं कोळपणी यंत्र बनवतात. त्यांनी पहिल्या दिवशी सर्किट जोडण्याआधी एक वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत: काय बिघडेल, ते बिघडल्याचं यंत्राला कशावरून कळेल, यंत्र काय करील, माणसानं काय करायचं. मोटर, बॅटरी, जीपीएस, होकायंत्र, रिमोट, पंप, प्रत्येकासाठी ओळ भरायची. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तो बिघाड यंत्राला कळणारच नाही. तिथे संवेदक वाढवा. तिसरा रिकामा राहिला, तर आज्ञावली अपुरी आहे.

मग चाचणी. आधी पंखे काढून, मग दोरानं बांधून, मग मोकळ्या माळावर, मग साध्या पाण्यानं. औषध सगळ्यांत शेवटी. प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदला आणि एक बिघाड मुद्दाम घडवा: उपग्रहाचा अँटेना झाका, रिमोट बंद करा, टाकी अर्धवट ठेवून वळवा. वहीत लिहिलं होतं तसंच झालं का, ते टिपून ठेवा. नीट उडाल्याची चित्रफीत परीक्षकाला आवडेल, पण बिघडल्यावर नीट उतरल्याची नोंद तुमचं यंत्र खरोखर शेतात नेण्याजोगं आहे की नाही, ते सांगेल.

भाड्यानं बोलावणाऱ्यांनी

केज तालुक्यातले बहुतेक शेतकरी ड्रोन विकत घेणार नाहीत, भाड्यानंच बोलावतील. तुमच्या हातात तपासणीची यंत्रं नसतात, पण पैसे तुम्ही देता, म्हणून विचारण्याचा हक्क तुमचा आहे. पायलटचं प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद मोबाइलवर मागा. साथीदार सोबत आहे का ते पाहा. पहिलं उड्डाण तुमच्या शेतात साध्या पाण्यानं करायला सांगा, आणि त्या उड्डाणात ड्रोन मोकळ्या जागेवर, तारांपासून लांब असताना रिमोट बंद करायला लावा. ज्याला आपल्या ड्रोनचं सेटिंग माहीत आहे, तो आधीच सांगेल, की तो अमुक उंचीवर चढेल आणि तमुक ठिकाणी येऊन उतरेल, आणि ड्रोन तसंच करील. जो टाळाटाळ करतो किंवा ‘असं कधी होतच नाही’ म्हणतो, त्याला टाकीत औषध भरू देऊ नका. एकरामागे शंभर रुपये स्वस्त असला तरीही.